खुंटाजवळची तिसरी ओळ

न्यू कोंबवेल वसाहत,
२० सप्टेंबर १६२४

ती. थॉमसिनताईस,
धाकट्या अ‍ॅम्ब्रोजचा शि. सा. नमस्कार.

आई आणि मी समुद्र ओलांडून आलो त्याला आता दहा महिने झाले. मागचा हिवाळा जरा कडक गेला, पण देवाच्या कृपेने निभावलं. आईची तब्येत बरी आहे. पर्नेल आणि टोबी केवढे झाले असतील, असं सारखं विचारते.

सोबत पिशवीत मका पाठवतो आहे. आमचं हे पहिलं पीक. शेतात झाडाचा एक जुना खुंट आहे, त्याच्या जवळच्या तिसऱ्या ओळीतला हा मका. कणसं हातभर आली. एवढी जोमदार ओळ सबंध शेतात दुसरी नव्हती. इथे जमीनदार नाही, जो खणेल त्याची जमीन. ह्यूभावोजींना म्हणावं, हातमाग विकून टाका आणि मुलांना घेऊन या. माणसं हवी आहेत.

इथे जहाज सुटण्याआधी प्रत्येक पत्र बैठकीत वाचून दाखवावं लागतं, म्हणून थट्टामस्करी आवरती घेतो. धाकट्यावर लोभ आहे तसाच असू दे.

तुझा,
अ‍ॅम्ब्रोज

कोंबवेल, डॉर्सेट,
४ मार्च १६२५

चि. अ‍ॅम्ब्रोजला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि मका नाताळाच्या आधी मिळाले. लहानपणी तू लावलेला कोबी शेळीनं खाल्ला होता, आणि आता म्हणे हातभर कणसं. ह्यू म्हणतो, एकतर तिथली जमीन चांगली आहे नाहीतर तुझ्या थापा. पण दाणे पाहिल्यावर तोच जहाजाचं भाडं विचारू लागला. मी ते दळून लापशी केली. आईच्या नावानं प्रार्थना करून आम्ही चौघांनी खाल्ली. टोबी म्हणाला, याची चव पिवळी लागते. भांड्याला चिकटलेलं मी बोटानं पुसून खाल्लं.

साठीच्या बाईला जहाजात घालू नकोस म्हणून मी तुझ्याशी कडाकडा भांडले होते. ते शब्द मागे घेते. ह्यूनं माग विकला, घराचा भाडेपट्टाही सोडला. या पानगळीपर्यंत इथे राहायची परवानगी आहे. पुढच्या वसंतातल्या जहाजावर चौघांची नावं घातली आहेत.

एकच रुखरुख आहे. पत्राखाली आईची खूण नव्हती. लिहिता येत नसलं तरी एक गोल आणि त्यात फुली काढल्याशिवाय तिनं आजवर कुणाचं पत्र जाऊ दिलेलं नाही. माझ्यावर रुसली असेल तर तसं कळव. पुढच्या पत्राला खूण हवीच.

मायेनं आठवण काढत जा.

तुझी ताई,
थॉमसिन

न्यू कोंबवेल,
११ जुलै १६२५

ती. ताईस,
नमस्कार कोणत्या तोंडानं करू?

हे पत्र बैठकीत वाचलेलं नाही. जहाजावरच्या सुताराकडे चोरून देतो आहे. तिच्याऐवजी आईची खूण मीच काढावी म्हणून बसलो होतो. गोल काढला. फुली काढायला हात धजेना.

ताई, आई गेली. मागच्या वर्षी, नऊ जानेवारीला. उतरून दोन महिनेही झाले नव्हते. तापानं गेली. त्या हिवाळ्यात बेचाळीसपैकी आम्ही वीस उरलो.

कारभाऱ्यांनी हुकूम काढला की आपण किती मेलो हे जंगलातल्या लोकांना कळता कामा नये, कळलं तर ते चाल करून येतील. म्हणून थडग्यांना उंचवटा नाही, दगड नाही. माती सपाट केली. वसंतात तिथेच मका पेरला, कारण तेवढीच जमीन खणलेली होती. तिसरी ओळ आईची. खळग्या-खळग्यात खताला एक मासा आणि चार दाणे मी माझ्या हातानं घातले. मग बैठकीत ठरलं की ज्यानं त्यानं चांगली कणसं गावी पाठवायची, म्हणजे माणसं येतील. चांगली कणसं त्याच ओळीला होती. मी तीच पाठवली.

आम्हाला पेरणी शिकवली ती त्याच जंगलातल्या लोकांपैकी एकानं, तसकोननं. परवा तो शेतातून जाताना तिसऱ्या ओळीला वळसा घालून गेला. मी का म्हणून विचारलं, तर मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाला, तुझी आई आहे ना इथे. टेकडीवरून त्यांनी बावीसच्या बावीस मोजले होते. पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं, आणि कुणी चाल करून आलं नाही. आम्ही लपवलं ते फक्त तुमच्यापासून.

येऊ नका. माग परत घ्या. मला लोभ मागायचा हक्क उरलेला नाही.

अ‍ॅम्ब्रोज

वेमथ बंदर,
२६ फेब्रुवारी १६२६

अ‍ॅम्ब्रोज यास,

तुझं पत्र पोचलं तेव्हा आमच्या घरात दुसऱ्यांची चूल पेटली होती. माग परत मिळत नाही, घरही नाही. येऊ नका हे सांगायला तुला फार उशीर झाला. महिनाभरात आमचं जहाज सुटेल. हे पत्र मासेमारीच्या जहाजाबरोबर पुढे पाठवते आहे.

मुलांना काही सांगितलेलं नाही. टोबी अजून विचारतो, ते पिवळं पुन्हा कधी मिळेल. मला मात्र ते पुसून घेतलेलं भांडं आठवतं. तू भुकेला होतास, घाबरलेला होतास, हे सगळं मला समजतं. समजून राग जात नाही. आई तुझ्यामागे आली, कारण तू तिला म्हणालास, तिकडे तुला तुझ्या हक्काची जमीन मिळेल. मिळाली तिला.

आम्ही पोचू तेव्हा पेरणीचे दिवस असतील. कारभारी काहीही म्हणोत, त्या ओळीत कुदळ घालायची नाही. उतरल्याबरोबर मी तिथे जाणार आहे. जागा दाखवायला तू येऊ नकोस. तसकोनला सांगून ठेव, तो दाखवील.

ह्यू आणि मुलांचा नमस्कार. लोभाचं तिथे आल्यावर बघू.

थॉमसिन