अडतीस किलोचे यंत्र आणि ताईच्या वह्या

वसई, ९ ऑक्टोबर २००४

ती. ताईस,

यंत्र काल दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी सुरू झाले. या वृत्ताला आमच्या खालच्या मजल्यावरच्या हिलरीने दुजोरा दिला आहे. (हिलरी म्हणजे सांडोरचा, जहाजावर रेडिओ ऑफिसर होता तो.) एकतीस वर्षे वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढल्यामुळे आधी बातमी आणि मग नमस्कार, याची क्षमा कर. नमस्कार वाकून करतो आहे, पण कमरेला पट्टा आहे, त्यामुळे जेवढे वाकता येते तेवढाच तो पोचेल. तुझा गुडघा कसा आहे? लांज्याचे नवे डॉक्टर बरे आहेत का? शकू ठीक आहे. माझ्याशी बोलते, पण मोजके.

आता सविस्तर. तुझे शाळेच्या आठवणींचे पुस्तक मी तुझ्या वह्यांवरून पाच महिने खपून घरच्या संगणकावर टंकले आणि नोव्हेंबरअखेर ते छापखान्यात गेले नाही तर जानेवारीत शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला हाती येणार नाही, हे तुला माहीत आहेच. सप्टेंबरात संगणक दोनदा आपोआप बंद पडला आणि पुस्तकाच्या काळजीने माझी झोप उडाली. हिलरी म्हणाला, "सदाभाऊ, सर्व्हर घ्या. आमच्या जहाजावरचा सहा वर्षं बंद नाय पडला." सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालणारा मोठा संगणक; गोखिवऱ्यातल्या एका बंद कारखान्याचा तसला एक भंगारवाल्याकडे पडून होता. तो रिक्षातून आणला. वजन अडतीस किलो, आमचा मजला तिसरा. (कमरेच्या पट्ट्याचा उगम इथे आहे.) बटण दाबताच त्याचे सहा पंखे असे घोंघावले की शकू आतून म्हणाली, "विमान आलंय, शिडी लावा."

या यंत्रात घालायला हिलरीने लिनक्स या संगणकप्रणालीचा एक फुकट मिळणारा प्रकार निवडला. फुकट आहे, पण आयता नाही. त्याचा एकेक भाग आपल्याच यंत्राकडून आपल्याच घरी घडवून घ्यावा लागतो. सोपे प्रकारही असतात, पण ते म्हणे शिकाऊ माणसांसाठी. मी स्वतःला शिकाऊ समजत नव्हतो.

सूचनांची ब्याऐंशी पाने हिलरीने सायबर कॅफेतून छापून आणली. एवढा मजकूर कोणी वाचत नाही, हे मी आयुष्यभर बातमीदारांना सांगत आलो. बातमीत महत्त्वाचे वर असते, किरकोळ खाली, आणि जागा कमी पडली की खालून कापायचे. मी बसलो आणि दोन तासांत ब्याऐंशीची नऊ पाने केली. प्रत्येक भागाचा शेवटचा परिच्छेद काढला, दोन मथळेही सुधारले. नंतर पुस्तक इकडून तिकडे घेणे सोपे जावे म्हणून घरच्या संगणकाची डिस्क काढून सर्व्हरमध्ये जोडून ठेवली. हे मला कोणीही सुचवले नव्हते. पडद्यावर यंत्राने दोनदा काहीतरी विचारले, मी दोन्ही वेळा हो म्हटले.

पुढचे अकरा दिवस यंत्र घडत होते. मधे वीज जायची, मग झालेले काम पुन्हा पहिल्यापासून. जुन्या यूपीएसने सात मिनिटे तग धरली आणि सातव्या मिनिटाला धूर सोडला. यंत्रामागून गरम वारा येतो, त्यात शकूने टॉवेल वाळवले. त्या अकरा दिवसांत पार पडलेले काम तेवढेच. अखेर काल काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात त्याने माझे नाव विचारले. मी दिले. त्याने ते नाकारले.

नाव का नाकारले हे पाहायला हिलरीने मूळ पाने काढली आणि तिसऱ्या भागाच्या शेवटच्या परिच्छेदाशी थांबला. मग तो त्याने मोठ्याने वाचला. ज्या डिस्कवर काही जपायचे असेल ती आधी काढून ठेवा, पुढच्या पायरीला जोडलेली प्रत्येक डिस्क कोरी होईल, असे तिथे स्पष्ट लिहिले होते. तो मला म्हणाला, "ही पेपरातली बातमी नाय, सदाभाऊ. ही रेसिपी. मीठ शेवटी लिहिलंय म्हणून घालायचंच नाय?" मी ड्रॉवरमधली फ्लॉपी शोधून काढली. तिच्यावर पुस्तकाची पहिली चार पाने तेवढी उरली आहेत. ती प्रस्तावना आहे आणि ती माझी आहे.

तुझा,
सदानंद

ता. क. वह्या संगणकात उतरल्या, आता दसऱ्याच्या साफसफाईत रद्दीला देते, असे तू मागच्या पत्रात लिहिले होतेस. देऊ नकोस. दिल्या असशील तर रद्दीवाल्याचे दुकान हिलरीला दाखव. हे पत्र घेऊन तोच आला आहे आणि आत्ता बहुधा तुझ्यासमोर चहा पीत बसला असेल. मी फोन केला नाही, कारण फोनवर तुला लगेच बोलता आले असते.

ता. क. २. आणखी एक, जे तुला छापलेल्या पुस्तकात कळलेच असते. टंकताना एकेका विद्यार्थ्यावरच्या तुझ्या प्रत्येक प्रकरणाचा शेवटचा परिच्छेदही मी गाळला होता. लांबण वाटली. शकूने वह्या परत पाठवण्याआधी वाचल्या होत्या. काल ती म्हणाली, "ते मूल पुढे कुठे गेलं, काय झालं त्याचं, हे ताईंनी तिथेच तर लिहिलं होतं." वह्या सापडल्या तर हिलरी मंगळवारी परतेल. बुधवारी सकाळी मी पहिल्या पानापासून टंकायला बसेन. शकू शेजारी बसून वाचून दाखवणार आहे आणि प्रकरण संपल्याशिवाय मला उठू देणार नाही, असे तिने कळवले आहे.