पिंपळाचा परवाना

९ नोव्हेंबर १९२७

पिंपळाचा अर्ज आज माझ्याच टेबलावर! आमच्याच गल्लीच्या लोकांनी केलाय. 'फांद्या रस्त्यावर आल्या, गाड्या अडतात, झाड काढावे.' मुंजाचं नाव कुठे नाही. म्युनिसिपालिटीचा ओव्हरसियर मी, आणि पोरगाही माझाच गेलेला — लिहायची छाती कुणाची? पण मुंज होऊन सोडमुंजीच्या आत पोर गेलं, की ते पिंपळावर जाऊन बसतं, हे गल्लीला तोंडपाठ. मुकुंदाची मुंज वैशाखात झाली. श्रावणात तापाने गेला. आता दिवे लागले की त्या बाजूला कोणी पोरं पाठवत नाही.

माझा विश्वास नाही. हल्ली तसं काहीच वाटत नाही म्हणा. जेवतो, कचेरीत जातो, परत येतो.

१० नोव्हेंबर

अंबू आजही तिन्हीसांजेला तूप-पोळी घेऊन पिंपळाखाली गेली. म्हटलं, "लोक हसतात." म्हणाली, "हसू देत. पोटचं पोर माझं. त्याला भूक लागते."

झाड काढायचंच. त्याशिवाय हिचं खूळ जायचं नाही.

१२ नोव्हेंबर

फीत लावून मोजलं. अर्धा बुंधा रस्त्यात, अर्धा शेजारच्या चन्नवीरच्या आवारात. म्हणजे नियमाने दोन्ही हवं — रस्त्यापुरता कमिटीचा ठराव, आवारापुरती मालकाची संमती. वर निरोगी झाडाला कमिटी हात लावू देत नाही. खोड ठोकून पाहिलं. भरीव.

अहवालात लिहिलं — पोकळ, धोकादायक. खाली सही ठोकली.

१३ नोव्हेंबर

चन्नवीरकडे गेलो. गल्लीच्या अर्जावर त्याने सही केली नव्हती. कागद पुढे केला, तर टाक उचलीना. "पिंपळ हाय ओ, रावसाहेब! आमी कसं तोडा म्हनावं?" मग टाक हातात घेतला. "खरं तुमचं लेकरू हाय तितं. तुमी म्हनत असाल तर करतो की सही."

"तिथे कोणी नाही," मी म्हणालो.

"व्हय, व्हय," म्हणाला आणि सही केली. माझ्याकडे काही पाहिलं नाही.

१९ नोव्हेंबर

ठराव पास. परवाना माझ्याच अक्षरात. अंबूला सांगितलं. तांदूळ निवडत होती — निवडत राहिली.

२१ नोव्हेंबर

पिंपळ म्हटल्यावर एकही लाकूडतोड्या तयार होईना. शेवटी होटगी गावाहून गुंडा नावाचा एक जण आला. झाडाभोवती फिरला, कुऱ्हाड खाली ठेवली. "कागद हाय, ते खरं. पर आदल्या दिशी झाडाला सांगाया लागतं. पाखरं असत्यात, आनि बी कोन कोन असतंय. उद्या तोडनार हाय, दुसरीकडं जावा, म्हनायचं."

"मग सांग की!"

"मी न्हाय. घरच्यानं सांगावं. परक्याचं कसं ऐकंल त्यो?"

म्हणजे यालाही गल्लीने कळवलंच! खुळचटपणा सगळा. पण हा गेला तर दुसरा मिळणार नाही. दोन शब्द म्हणायला माझं काय जातं?

संध्याकाळी गेलो. गुंडा लांब थांबला. अंबू आमच्या दारात. बुंध्याला हात लावला. 'दुसरीकडे जा' — एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघेना. कुठे जाणार तो? आठ वर्षांचा. बाळीवेशीपलीकडे एकटा कधी गेला नाही. अंधाराला भितो.

"मुकुंदा," म्हणालो, "चल. घरी चल."

श्रावणापासून त्याचं नाव मी उच्चारलं नव्हतं. मागे वळून पाहिलं नाही. हळू चाललो मात्र — त्याची पावलं लहान.

२२ नोव्हेंबर

झाड पडलं. खोड आतून पांढरं, घट्ट. कीड नाही, पोकळी नाही. गुंडाने पाहिलं, चन्नवीरने पाहिलं. कचेरीत गेलो. 'काम पूर्ण' अशी नोंद केली.

२३ नोव्हेंबर

दिवेलागण झाली. अंबू तूप-पोळी घेऊन उंबऱ्यात उभी — कुठे जावं तिला कळेना. मी माळ्यावरून मुकुंदाचा पाट काढला, पुसला, माझ्या पाटाशेजारी मांडला.

म्हणालो, "इथे वाढ."