पांढरी बाजू बाहेर

अमरावती,
रविवार, दि. १६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. वर्षाली हिस अनेक आशीर्वाद.

कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तू ११ तारखेला लिहिलेला वृत्तांत मी दोनदा वाचला. त्यात तीन चुका आहेत. तुझ्या वडिलांचे, कै. उत्तमचे, अकोल्याचे घर आपण १२ जानेवारीला नव्हे, १९ जानेवारीला आवरले. पत्र्याची पेटी माळ्यावर नव्हती. ती उत्तमच्या पलंगाखाली होती. तिसरी चूक सर्वांत मोठी आहे. तिच्याकडे मी क्रमाने येईन.

पेटी मी उघडली. छापखान्याची नोकरी सांभाळून उत्तमने हौसेने छापलेली चित्रे तीत होती. सोड्याची बाटली, एस.टी.चे तिकीट, वरूडच्या संत्र्यांचे खोके, असल्या रोजच्या वस्तू, परातीएवढ्या मोठ्या आणि डोळ्यांना बोचतील अशा रंगांत. तुझे यजमान माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाले, "काकाजी, हे तं जुने कॅलेंडर दिसून राहिले. रद्दीत टाकू काय?"

तू फोटो काढून मुंबईच्या एका संग्राहक बाईंना पाठवलेस. त्यांचा तासाभरात फोन आला. ही पॉप आर्टची दुर्मीळ मुद्राचित्रे आहेत, प्रत्येकावर पेन्सिलीने सही आणि क्रमांक आहे, आणि बारांचा संच पूर्ण असेल तर तो उत्तमच्या नावाने संग्रहालयात लागेल, असे त्या म्हणाल्या. पेटीच्या झाकणाला आतून उत्तमच्या अक्षरातील बारा नावांची यादी चिकटवलेली होती. चित्रे मात्र आठच भरली.

त्या क्षणापासून मी तुझ्या यजमानांवर, सागरवर, नजर ठेवली. 'रद्दी' हा शब्द त्याने मुद्दामच वापरला असावा, असे मला वाटले. दुपारी तो मोटारसायकलला एक लांब गुंडाळी बांधताना दिसला. मी हटकले.

"चटई हाय, काकाजी. मायसाठी नेऊन राहिलो. उलगडून दाखवू काय?"

तो हसला. ते हसणे मला निर्ढावलेले वाटले. मी उलगडायला सांगितले नाही. आतून खरोखरच चटई निघाली असती तर माझा संशय निराधार ठरला असता, आणि तोवर तो संशय मला आवडू लागला होता.

संध्याकाळी मी तुला बाजूला घेऊन सांगितले. पुढचे पंधरा दिवस तुमच्या घरात काय चालले, ते मला फोनवर ऐकू येत होते. "तू मले चोर समजून राहिली काय?" असे विचारून २ फेब्रुवारीला तो पातूरला आईकडे निघून गेला. तो परत आला तरी दार उघडणार नाही, असे तू गटावर लिहिले आहेस, आणि पुराव्यादाखल लिहिले आहेस, "काकांनी स्वतः पाहिले."

हीच तिसरी चूक. काकांनी काहीही पाहिले नाही.

परवा मी पोलिसांना द्यायचा तक्रारअर्ज लिहायला बसलो. 'चोरी' लिहावे की 'अपहार', याची खात्री करून घेण्यासाठी शब्दकोश काढला. त्याचे कव्हर कोपऱ्यावर उसवले होते. आतून नारिंगी रंग दिसला.

जुने कॅलेंडर आपल्याकडे कोणी फेकत नाही. चित्र आत, पांढरी बाजू बाहेर, असे ते पुस्तकाला घालतात. मी वर्गात मुलांना तसेच शिकवत आलो. उत्तम मला दर दिवाळीला एक चित्र पाठवी. मला ती कॅलेंडरेच वाटली, तीही तारखांवाचून निरुपयोगी. कागद मात्र जाड होता. शब्दकोशाचे दोन खंड, व्याकरण आणि सुभाषितसंग्रह, अशा चार पुस्तकांना ती चार चित्रे लागली.

पुस्तकांच्या नावांच्या चिठ्ठ्या मी ओल्या बोटाने सोडवल्या. प्रत्येक चिठ्ठीखाली पेन्सिलीने एकच ओळ आहे : 'दादाले, पहिली प्रत.'

ही ओळ मी तेव्हा वाचली नव्हती, असे लिहिणार होतो. वाचली होती. चिठ्ठी बरोबर तिच्यावरच लावली.

नंतर एकदा उत्तम माझ्याकडे आला. सहज शब्दकोश उघडला आणि मलपृष्ठाची घडी बोटाने उलटून पाहिली. चहा पुरा घेतला, "येतो, दादा" म्हणाला आणि पुन्हा कधी आला नाही. वाटणीवरून अबोला झाला, असे मी तुम्हां सर्वांना चाळीस वर्षे सांगत आलो.

चित्रांना घड्या पडल्या आहेत, डिंकाचे डाग आहेत. संच मात्र पूर्ण आहे. खालील दुरुस्त्या गटावर जशाच्या तशा टाकाव्यात.

दिवाळी १९७८ ते दिवाळी १९८१ : उत्तमने मला चार चित्रे पाठवली. ती कोणीही चोरलेली नाहीत.

२१ नोव्हेंबर १९८२ : उत्तम माझ्या घरी शेवटचा आला. अबोला या दिवसापासून.

मार्च १९८५ : शेताची वाटणी. तिचा अबोल्याशी संबंध नाही.

१९ जानेवारी २०२५ : सागररावांनी आईसाठी चटई नेली.

१४ फेब्रुवारी २०२५ : चित्रे माझ्याच कपाटात सापडली.

१७ फेब्रुवारी २०२५ (उद्याची नोंद, आजच लिहून ठेवतो) : सकाळच्या एस.टी.ने मी पातूरला गेलो. दार उघडले की नाही, ते सागररावांनी लिहावे.

उत्तमचा दादा,
केशव