सरांनी पावणं म्हटलं

सोमवार, संध्याकाळ. सुरत.

गुडघे अजून ठणकतायत. परवा सुट्टीत गावी, डिंभ्याला, कराटेच्या जुन्या क्लासला गेलो व्हतो. उशीर झाला तर दारात गुडघ्यावर बसायचं, सरांनी मान हलवली की वाकून आत यायचं, हा सरांचाच नियम. बसलो. सरांनी सरळ डोळ्यात बघितलं आन् तोंड फिरवलं. का? ब्लॅक बेल्टची परीक्षा सोडून इकडं कामाला आलो म्हणून? मग घरी बसून खायचं काय?

आत पोरं काताच्या ठरलेल्या हालचाली करत व्हती. मीच शिकवलेला सागर पुढं उभा राहून आकडे म्हणत व्हता. क्लास सुटला तरी मी दारातच. सागर हसला, "भाऊ, उठा की राव, मुळं फुटतील तिथं." मग सर बोलले, पण माझ्याशी नाय.

"सागर, पावण्यांना चहा पाज."

पावणं! त्या हॉलचा केर रोज कोण काढायचं? त्यापेक्षा शिवी दिली असती तर आत गेलो असतो. चहा न घेताच निघालो.

आज ड्युटीवरनं आलो. खोलीच्या दारात चपला काढल्या आन् आत जायच्या आधी आपोआप वाकलो. आत कोणीच नव्हतं. त्या वाकलेल्या पाठीचा लई राग आला.