कवळी आणि तळाचा मासा

बाबा,
इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, खोलीत ऊन येतं, काळजी नको. काम ऐकून मात्र हसाल. समुद्राच्या तळाशी चरणाऱ्या माशांची पोटं फाडायची आणि त्यांनी काय खाल्लं ते बघायचं. बोटांचा वास काही केल्या जात नाही.

बोटभर पिल्लांच्या पोटात नुसते मऊ किडे निघतात. वीतभर झाली की कोळंबी. आणि थोराडांच्या पोटात खेकडे, शिंपल्यांचा चुरा! जबडा भक्कम झाला की मऊ खाणं त्यांना पुरत नाही.

दादा फोनवर सांगत होता, नवी कवळी डबीत ठेवून तुम्ही सगळं दुधात कुस्करून खाता. टोचते का हो? की आई गेल्यापासून एकट्याने चावत बसायचा कंटाळा येतो? टोचत असेल तर डॉक्टरांकडून घासून घ्या, भीड कसली त्यात!

थोराड मासा पुन्हा किड्यांवर आलेला मी अजून पाहिला नाही, बाबा.

सुट्टीला आले की भाजलेले दाणे खात बसू. तुम्ही दाणे चावायला लागलात की आई कानांवर हात ठेवायची ना, तो आवाज मला इथे फार आठवतो.

तुमची,
धाकटी