काळ्या कापडातला अंधार

बालाघाट, जुलै १९६४

माझ्या अलके,

तू नर्सिंग शिकाले नागपूरले गेली, तवापासून घर खायले उठते. हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. तिकडं तुझं मन आत्ता कुठं लागून राह्यलं असन, ते काहून मोडू?

शेवटच्या आठवड्यात मी दुकानातला कॅमेरा आन् तिपाई घेऊन तुझ्या मागंमागं फिरलो. तू आईच्या डोक्याले तेल लावताना, विहिरीतून बादली ओढताना, साऱ्याचे फोटो काढले. आई वैतागली, "दुकानात गिऱ्हाईक बसून आहे, आन् तुम्ही इथं काय करून राह्यले?"

निघायच्या सकाळी तुम्हा दोघींले अंगणात उभं केलं. मी काळ्या कापडात शिरलो, तं कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर तू उलटी दिसली, पाय वर, डोकं खाली. लहानपणी हेच पाहाले तू माझ्यासोबत कापडात घुसायची. तवा मीच तुले सांगतलं होतं, का एकदा फोटोची प्लेट लावली का ती काच झाकते, मंग आत नुसता अंधार.

त्या सकाळी मी प्लेट लावली आन् पुन्हा कापडात शिरलो. मंग बाहेर याले जमेच ना.

दारात टांगा आला. आई ओरडली, "अहो, गाडी सुटन! एवढा वेळ काय पाहून राह्यले?"

"थांब ना आई," तू म्हणाली, "बाबा फोकस लावून राह्यले."

पोरी, प्लेट तं तूच माझ्या हातात दिली होती.

तुझा
बाबा