यादीतलं एकच नाव

प्रिय कोरीन,

बीटचा हंगाम संपला. साखर कारखान्याची चिमणी आता थंड आहे आणि गावभर पसरलेला तो गोडसर कुजका वास, ज्यामुळे तू लहानपणी नाक दाबायचीस, तोही गेला. मी बरा आहे. थंडीभर तू व्हिडिओवर फोन केलास की मी कॅमेरा बिघडलाय म्हणायचो. कॅमेरा धडधाकट होता. बिघडलं होतं माझं तोंड.

शाळेच्या फुटबॉलमध्ये माझे पुढचे दोन दात गेले होते, ते खोटे आहेत हे तुला माहीत आहे. ऑक्टोबरात सुकं मांस चावताना ते तुटून हातात आले. आधाराचे दातही किडलेले निघाले. तेव्हापासून मी तोंडावर हात ठेवून बोलायला लागलो. डबासुद्धा ट्रकमध्ये एकटाच बसून खायचो.

कारखान्याने यंदा दातांचा विमा बदलला. नव्या कंपनीच्या नेटवर्कमधला, म्हणजे तिच्या यादीतला डॉक्टर गाठला तर बहुतेक खर्च ती उचलते. बाहेरच्याकडे गेलं तर स्वतःच्या मनाने ठरवलेली रक्कम देते आणि उरलेलं आपल्या गळ्यात. आपले नेहमीचे दातांचे डॉक्टर पेटीबोन यादीत नव्हते. दीडशे मैलांच्या आत यादीत एकच नाव होतं, कीथ ऑस्ट्रँडर. तुझ्या आईचा, जोलीनचा, आताचा नवरा. ज्याला मी तुझ्यासमोर इतकी वर्षं 'दातकाढ्या' म्हणत आलो.

मी पेटीबोनकडेच जायचं ठरवलं आणि त्यांच्या बिलासाठी ट्रकवर 'विकणे आहे'ची पाटी लावली. मुकादम ग्लेनने ती वाचून विचारलं, "काय रे व्हर्न, अडचण आहे का?" मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बायको गेली, ती गेली. आता त्याच माणसापायी ट्रकही घालवतोस? आणि कामाला काय बर्फातून चालत येणार आहेस?" मी चिडून घरी आलो. त्या पाटीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. जानेवारीत हिरडी सुजली, ताप चढला, तेव्हा कुठे मी कीथच्या दवाखान्यात फोन केला.

दाराशी पोचून मी दोनदा माघारी फिरलो. तिथल्या काउंटरवरच्या लोरेटाने काचेतून पाहिलं असावं. ती स्वतःच दार उघडून म्हणाली, "आत ये, व्हर्न. तो चावत नाही."

त्या खुर्चीत उताणं पडून मी त्याच्यासमोर तोंड उघडलं, कोरीन. ज्या तोंडाने त्याला नावं ठेवली, तेच तोंड, किडकं आणि घाण मारणारं. मी डोळे मिटून घेतले. कीथने आधी विचारलं, "माझ्याकडून करून घ्यायला जड जात असेल तर तसं सांग. लांब पडेल, पण डेन्व्हरमध्ये नेटवर्कमधलीच एक डॉक्टर बाई आहे, चांगली आहे. मी बोलून ठेवतो." मी मान हलवून नको म्हटलं. मग तो कामाला लागला. हात हलका होता त्याचा.

दोन-तीन खेपांनंतर नवे दात बनवायची वेळ आली. माझे खरे दात कसे होते, फोटो आहे का, असं त्याने विचारलं. माझ्याकडे एकही नव्हता. "मग कोरीनसारखे करतो," तो म्हणाला. "तिचे पुढचे दोन किंचित रुंद आहेत आणि डावा जरा पुढे झुकलाय. तिच्या नवव्या वर्षापासून मीच बघतोय. जोलीनचे तसे नाहीत, म्हणजे ते तुझ्याकडूनच आले असणार." दात बसवून झाल्यावर मी आरशात पाहिलं. तुझ्या दातांची ठेवण मला माहीत नव्हती, आणि त्याला ती तोंडपाठ होती. निघताना मी नुसतं "थँक्यू" पुटपुटलो. तो म्हणाला, "इथलं मी घरी काही बोलत नाही. जोलीनकडेही नाही." म्हणून हे तुला मलाच सांगावं लागतंय.

तुझ्या लग्नाचं सांगायला तू फोन केलास तेव्हा मे महिन्यात रजा मिळणार नाही असं मी म्हणालो. मे महिन्यात कारखान्यात जेमतेम डागडुजी चालते आणि मागेल त्याला रजा मिळते, हे याच गावात वाढलेल्या तुला मी सांगत होतो. तू नुसतं "बरं, बाबा" म्हणालीस. कीथ तिथे असेल म्हणून मी येत नाही, असं तुला वाटलं असेल, आणि मी ते वाटू दिलं, कारण खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. खरं इतकंच की तुझ्या सगळ्या फोटोंत मी तोंडावर हात धरून उभा राहिलो असतो. आता येऊ का? लग्नात तुला हात धरून वेदीपर्यंत न्यायला कीथला सांगितलं असशील तर ते बदलू नकोस, त्याचा तो मान आहे. मी मागे कुठेही बसेन. फक्त फोटोच्या वेळी मला हाक मार.

तुझाच,
बाबा